पाणघोड्याच्या वाटेवर काका

"तुझ्या काकाला सांग, मीठ इकडे सरकव म्हणावं," बाबा म्हणाले.

काका समोरच बसला होता. दोघांमध्ये दीड हाताचं टेबल, टेबलावर मिठाची बाटली, आणि तिच्यापलीकडे रुफिजी नदी. नदीत त्या वेळी सतरा पाणघोडे डुंबत होते. मी मोजले होते, कारण जेवताना टेबल सोडून कुठेही बघायला मला आवडायला लागलं होतं. त्या सतरांपैकी एकालाही शेजारच्याशी बोलायला मध्ये तिसरा लागत नव्हता.

"काका, मीठ," मी म्हटलं.

"तुझ्या वडिलांना सांग, ऑम्लेटमध्ये मीठ आहे. आधी चव घ्यावी माणसानं."

"बाबा, ऑम्लेटमध्ये–"

"ऐकलं मी."

"काका, बाबांनी ऐकलं."

"मलाही ऐकू येतं."

मी बाटली उचलली आणि अर्धं मीठ स्वतःच्याच ऑम्लेटवर ओतलं.

ह्या गोष्टीला आता बारा वर्षं झाली. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो, चार आठवड्यांनी माझं लग्न होतं, आणि टांझानियाच्या दक्षिणेला, जिथे यायला आठ माणसांचं विमान लागतं आणि ते गवतावर उतरतं, अशा जंगलात मी दोन म्हाताऱ्यांच्या मधली टेलिफोनची तार म्हणून काम करत होतो.

बाबा आणि काका आठ वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. कारण कॅरम. मिरजेच्या आमच्या घरी एका मे महिन्यात काकानं राणी घेतली, तिच्यामागे सोंगटीही घेतली, पण सोंगटीच्या पाठोपाठ स्ट्रायकरही भोकात गेला. बाबा म्हणाले, राणी कव्हर झाली नाही. काका म्हणाला, झाली. बाबांनी नियम सांगितला. काका म्हणाला, "दादा, तू लहानपणापासून रडीचा डाव खेळतोस." त्यावर पाटबंधारे खात्यात तीस वर्षं कोणाला वेडंवाकडं न बोललेले माझे वडील उठून उभे राहिले आणि म्हणाले, "आजपासून मला भाऊ नाही." काकानं चप्पल घातली आणि गेला. जाताना स्ट्रायकर घेऊन गेला. स्ट्रायकर आमचा होता.

गंमत म्हणजे आई आणि काकू रोज फोनवर बोलायच्या. अबोला फक्त पुरुषांचा. बायकांना वेळ नव्हता.

आता माझं लग्न ठरलं होतं. आमच्यात घरच्या माणसाला पत्रिका पाठवत नाहीत. घरातल्या थोरल्यानं स्वतःच्या तोंडानं "ये" म्हणायचं असतं. काकाचं म्हणणं, "दादा तोंडानं ये म्हणाला तर येईन. टपालानं आलेल्या लग्नाला मी जात नाही." बाबांचं म्हणणं, "आधी राणी कव्हर नव्हती म्हणावं, मग बोलतो." आणि माझं म्हणणं असं होतं की मला सायकल काकानं शिकवली, दाढी करायला काकानं शिकवलं, पोहायलाही त्यानंच शिकवलं, म्हणजे कृष्णेत ढकललं, आणि मुंडावळ्या बांधून मी उभा असताना समोर काका नसेल तर मला ते लग्न अर्धंच वाटणार होतं. माझं म्हणणं कोणी विचारलं नव्हतं.

शेवटी त्या दोघांच्या बहिणीनं, शकूआत्यानं, कट केला. आत्या तीस वर्षं दार-एस-सलामला राहते. तिनं बाबांना कळवलं, "दादा, पोराला घेऊन ये, लग्नाआधी सफारी माझ्याकडून. जनार्दन येणार नाहीये." काकाला कळवलं, "जन्या, ये. दादा येणार नाहीये." विमानतळावर दोघं समोरासमोर आले तेव्हा आत्या म्हणाली, "अगंबाई, तुम्ही दोघंही आलात?" असा वाईट अभिनय मी शाळेच्या गॅदरिंगमध्येही बघितलेला नाही. नंतर, लहान विमानात चढायच्या वेळी, आत्याचा पाय मुरगळला. कोणता, ते ती दर पाच मिनिटांनी बदलत होती.

अशा प्रकारे आम्ही तिघं रुफिजीच्या काठी पोचलो. तंबू एक, खाटा तीन. माझी खाट मधली.

आमचा वाटाड्या अथुमानी, पन्नाशीचा, शांत, बारीक हसणारा माणूस. गवताच्या धावपट्टीवरच त्यानं इंग्रजीत विचारलं, "हे दोघे भाऊ का? नाक सारखं आहे."

"मला भाऊ नाही," बाबा म्हणाले. काका शेजारी उभा राहून बॅगेची चेन लावत होता. चेन लागलेली होती; तरी तो लावत होता.

"मग हे कोण?"

बाबांनी माझ्याकडे बोट केलं. "हे ह्याचे काका आहेत."

'काका'साठी इंग्रजी शब्द सापडला नाही म्हणून बाबांनी 'काका' असंच म्हटलं, असं मला वाटलं. खरं तर बाबांना 'अंकल' येत होतं. पण त्यात वडिलांचा भाऊ असा अर्थ निघाला असता. अथुमानीनं माझ्याकडे बघितलं, मग काकाच्या पांढऱ्या केसांकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "काका," तो म्हणाला, आणि फार विचारात पडल्यासारखा बॅगा उचलू लागला.

त्यानंतर तो काकाला काकाच म्हणायचा. "काका, चहा?" "काका, टोपी घाला." काका खूश. "बघ पुष्कर, आपले लोक पिढ्यानपिढ्या इथं व्यापाराला येतायत. शिकले शब्द." बाबांना हे मुळीच आवडलं नाही. पन्नाशीचा माणूस ह्याला काका म्हणतो आणि आपल्याला नाही. बाबांना अथुमानी 'म्झे' म्हणायचा, थोरामोठ्यांना म्हणतात तसं. पण बाबांना वाटायचं तो 'माझे' म्हणतोय आणि पुढचा शब्द विसरतोय. ते थांबून वाट बघायचे.

तिथल्या स्वयंपाकघराची मुख्य म्वाजुमा नावाची धिप्पाड बाई होती. तिला सगळे 'दादा' म्हणत. "दादा म्वाजुमा, चपाती!" अशी हाक गेली की कॅम्पवर पानही हलत नसे.

"बाई असून दादा?" मी म्हटलं.

"ज्याचा दरारा तो दादा," काका म्हणाला. "त्यात बाई-पुरुष काय? आमच्या पोस्टात पण एक होती."

हे आम्हाला इतकं पटलं की आम्ही पुढे कोणाला विचारलंच नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी जीपमध्ये बाबा पुढच्या बाकावर, काका मागच्या, मी मधल्या. ताडासारख्या उंच झाडांमधून अथुमानीनं गाडी हळूच नेली आणि थांबवली. बाबांना आधी दिसला.

"तुझ्या काकाला सांग," बाबा कुजबुजले, "डावीकडे, वाळक्या झाडाखाली सिंह आहे."

मी मागे वळलो. "काका, डावीकडे, वाळक्या झाडाखाली सिंह आहे."

"त्यांना विचार, त्यांची डावी की माझी डावी."

"बाबा, तुमची डावी की–"

"दोघांचं तोंड एकाच दिशेला आहे! डावी एकच!"

"काका, डावी एकच."

"हा टोमणा होता का, विचार."

सिंह उठला. त्यानं आमच्या जीपकडे एकदा बघितलं, लग्नघरात चुकून शिरलेला माणूस बघतो तसं, आणि गवतात निघून गेला. काकाला शेपटीचा गोंडा दिसला.

"सिंह दाखवला तो पण उशिरा," काका म्हणाला. "मुद्दाम. सांग त्यांना."

मी सांगितलं. बाबा म्हणाले, सिंह कव्हर झाला नाही म्हणावं. हा त्या सहलीतला त्यांचा पहिला विनोद होता. मी तो मागे पोचवला नाही. माझ्याकडे तेवढे अधिकार होते.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी आम्ही नदीकडे तोंड करून कॅनव्हासच्या खुर्च्यांवर बसलो होतो. सूर्य पाण्यात उतरत होता, पाणघोडे हसल्यासारखा आवाज काढत होते. उद्या एकच दिवस उरला होता. मी ठरवलं, आता किंवा कधीच नाही.

"बाबा," मी म्हटलं, "लग्नाचं बोला."

बाबांनी खुर्ची जराशी सरकवली. मग म्हणाले, "तुझ्या काकाला विचार, सत्तावीस तारखेला येणार आहे का. केटररला आकडा सांगायचाय."

आठ वर्षांत एवढं जवळ कोणी आलं नव्हतं. पण काकाचा चेहरा बघितला आणि मला कळलं, गेलं.

"तुझ्या वडिलांना सांग," काका हळू म्हणाला, "मी आकडा नाही. माणसाला बोलवतात. आकडा मोजतात."

"बोलवलं असतं म्हणावं," बाबा नदीकडे बघत म्हणाले. "भाऊ असता तर."

हे मी पोचवलं नाही. गरजही नव्हती. काका उठला, खुर्चीची घडी घातली, नीट कडेला उभी केली आणि तंबूत गेला. एवढ्या नीट घडी घालणारा माणूस किती दुखावलाय हे आमच्या घरात सगळ्यांना कळतं.

मी उभा राहिलो. "बाबा, मी राजीनामा देतोय."

"कसला?"

"निरोप सांगण्याचा. उद्यापासून बंद. मीठ नाही, सिंह नाही, डावी-उजवी नाही. आग लागली तरी सांगणार नाही."

"वेडेपणा करू नकोस."

"हे पण काकाला सांगणार नाही," मी म्हटलं आणि जेवायला निघून गेलो. मला फार मोकळं वाटलं. त्या दिवशी मी चार चपात्या खाल्ल्या. दादा म्वाजुमानं माझ्या पाठीवर थाप मारली. ती अजून जाणवते.

सकाळ ढगाळ उजाडली. गार वारा होता. सात वाजून गेले तरी उजेड राखी होता. मी तंबूबाहेर चहा आणि बिस्किटं घेऊन बसलो होतो. काका चाळीसएक पावलांवर, नदीच्या अगदी कडेला, त्याची मिरजेहून आणलेली चटई अंथरत होता. तिथे उंच गवतातून थेट पाण्यापर्यंत एक छान पट्टी उतरली होती, दोन हात रुंद, गुळगुळीत, झाडून सारवल्यासारखी. त्यानं ती आदल्या दिवशीच हेरून ठेवली होती. "काय सुंदर जागा राखलीय कोणीतरी," तो म्हणाला होता. गवताकडे पाठ आणि नदीकडे तोंड करून तो मांडी घालून बसला.

बाबा तंबूमागून लगबगीनं आले. "पुष्कर, तुझ्या काकाला सांग, तिथं बसू नको म्हणावं."

मी बिस्किट चहात बुडवलं. "बाबा, मी राजीनामा दिलाय."

"पुष्कर."

"काल संध्याकाळपासून लागू."

"अरे, तो अथुमानी आत्ता सांगून गेलाय की–"

"मग तुम्ही सांगा," मी म्हटलं. "चाळीस पावलं आहेत. तोंड आहे. त्याला कान आहेत."

बाबांनी काकाकडे बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं. दोन पावलं पुढे गेले, थांबले, परत आले आणि माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसले. मांडीवर दोन्ही हात ठेवून, डॉक्टरकडे नंबर लावून बसल्यासारखे.

माझं बिस्किट चहात पडलं. मी चमच्यानं ते शोधत होतो.

तिकडे काकानं भ्रामरी सुरू केली. भ्रामरी म्हणजे दोन्ही अंगठे कानात घालायचे, बोटं डोळ्यांवर ठेवायची आणि भुंग्यासारखा आवाज काढायचा. सकाळी अकरा वेळा, रक्तदाबासाठी. एकूण काय, बघण्याची आणि ऐकण्याची सोय बंद.

गवत हललं. आधी मला वाटलं, तिथे कोणीतरी जीप लावलीय. मग जीपला कान फुटले.

ती वाट खरंच कोणीतरी राखलेली होती. दोन टन वजनाचा माळी रोज अंधार पडला की तिच्यावरून चरायला वर जात होता आणि उजाडायच्या आत खाली येत होता. आज ढगांमुळे त्याला उशीर झाला होता. आणि पाणघोड्याला दुसरं काहीही चालतं, पण त्याच्या आणि पाण्याच्या मध्ये कोणी असलेलं चालत नाही. हे सगळं मला नंतर कळलं. त्या क्षणी मला फक्त एवढं दिसलं की तो थांबलाय, मान खाली घालतोय, आणि वीस पावलांवर माझा काका भुंग्यासारखा गुणगुणतोय.

बाबा उभे राहिले होते. त्यांनी तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. मी शपथेवर सांगतो, मी त्यांना नाव शोधताना बघितलं. आठ वर्षं ते नाव त्यांनी उच्चारलं नव्हतं. ते कुठे ठेवलंय तेच सापडेना. मग जो शब्द रोजच्या वापरात होता, जो हाताशी होता, तोच बाहेर आला.

"काकाऽऽ!"

सगळा कॅम्प वळला. काका गुणगुणत होता.

"काका! अरे काका! काकाऽऽ, ऊठ!"

आणि बाबा पळाले. चौसष्ट वर्षांचे, गुडघ्याला पट्टा, पायात तंबूतली सपाता. मी त्यांना कधी पळताना बघितलं नव्हतं. एसटी सुटली तरी ते "दुसरी येईल" म्हणणारे. ते जवळजवळ पोचले तेव्हा पाणघोडाही पळाला. मी कुठे होतो? मी कप खाली ठेवत होतो. कप खाली ठेवायला इतका वेळ लागतो हे मला माहीत नव्हतं.

बाबांनी काकाची बंडी मानेशी पकडली आणि दोघं बाजूच्या काटेरी झुडपात कोसळले. पाणघोडा त्याच जागेवरून गेला. जमीन माझ्या पायाखाली थरथरली. चटई त्याच्या पायात गुंडाळली गेली, तो तिच्यासकट पाण्यात शिरला, मोठा आवाज झाला, लाट काठावर आली. मग थोड्या वेळानं चटई एकटीच वर आली, जराशी तरंगली आणि वाहत निघून गेली.

मी पोचलो तेव्हा काका झुडपात उताणा होता. अंगठे अजून कानात. त्यानं ते काढले.

"काय रे?" तो म्हणाला.

"काय रे काय, गाढवा!" बाबा ओरडले. "मेला असतास!"

मग दोघांच्याही लक्षात आलं. काकाची मान हळूहळू फिरली, मला शोधत.

"पुष्कर," तो म्हणाला, "तुझ्या वडिलांना विचार, गाढव कोणाला म्हणाले."

मी तिथेच मातीत बसलो. मला रडू येत होतं की हसू, ते ठरवायची शक्ती नव्हती.

होडीकडून अथुमानी धावत आला, मागे म्वाजुमा हातात पळी घेऊन, मागे आणखी तिघं. अथुमानीनं दोघांना चाचपून बघितलं. हाडं शाबूत, काटे भरपूर. तो हाशहुश करत टाचांवर बसला आणि मला इंग्रजीत म्हणाला, "तुझ्या वडिलांनी मला पहिल्या दिवशी सांगितलं, मला भाऊ नाही."

"हो," मी म्हटलं.

"मग आत्ता 'भाऊ, भाऊ' म्हणून कोणाला हाका मारत होते?"

"भाऊ नाही हो. काका म्हणाले."

"तेच तर. काका." त्यानं छातीवर हात ठेवला. "आमच्या भाषेत काका म्हणजे भाऊ."

मग तो हिशोब मांडू लागला.

"पहिल्या दिवशी ते म्हणाले, हा ह्या मुलाचा काका. म्हणजे तुझा भाऊ. म्हणजे म्झेंचा मुलगा." त्यानं काकाच्या डोक्याकडे दयेनं बघितलं. "तीन दिवस मी स्वयंपाकघरात सांगतोय, बिचाऱ्याचे केस फार लवकर पांढरे झाले. आज कळलं. म्झेंचा मुलगा नाही. भाऊ आहे. सगळ्या कॅम्पनं ऐकलं."

काकाला इंग्रजी चांगलं समजत होतं. पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेला माणूस तो. तरी त्यानं मलाच विचारलं, "काय म्हणतोय?"

राजीनामा दिल्यानंतर मी पोचवलेला तो पहिला निरोप. "म्हणतोय, त्यांच्यात काका म्हणजे भाऊ. बाबा मघापासून भाऊ भाऊ म्हणून ओरडत होते म्हणे."

बाबा कोपरातला काटा काढण्यात गढून गेले होते.

"किती वेळा?" काकानं विचारलं.

मी अथुमानीला विचारलं. त्यानं बोटांवर मोजून चार सांगितले. म्वाजुमानं पळी हलवली. तिच्या मते पाच. त्यांच्यात थोडा वाद झाला.

काका कोपरावर उठला. त्याच्या कानात गवत अडकलं होतं. त्यानं बाबांच्या गुडघ्याकडे बघितलं; पट्टा घसरून पोटरीवर आला होता, खाली रक्त होतं.

"दादा," तो म्हणाला. "दादा, लागलं का रे?"

आणि मागून हास्याचा स्फोट झाला. म्वाजुमानं तोंडावर पदर असता तर घेतला असता. तिनं पळी घेतली. तिघं जण एकमेकांच्या खांद्यावर पडले. अथुमानीनं मोठ्या कष्टानं चेहरा सरळ ठेवला आणि अदबीनं मला विचारलं, "हे त्यांना बहीण का म्हणतायत?"

"बहीण?"

"दादा. दादा म्हणजे बहीण." त्यानं म्वाजुमाकडे हात केला.

"हसतायत काय हे लोक?" बाबा खेकसले.

"बाबा," मी म्हटलं, "त्यांच्यात दादा म्हणजे बहीण."

बाबांनी म्वाजुमाकडे बघितलं. काकाकडे बघितलं. तीन दिवसांचा दादागिरीचा सिद्धांत दोघांच्या मध्ये मेलेला पडला होता.

"म्हणजे मी बहीण," बाबा म्हणाले.

"हो."

"आणि हा भाऊ."

"हो."

पाटबंधारे खात्यातला माणूस. पाणी एकदा कालव्यात सोडलं की शेवटच्या शेतापर्यंत नेणार. बाबांनी थोडा विचार केला. मग ते काकाकडे वळले, माझ्याकडे नाही.

"जन्या," ते म्हणाले, "मग तू ह्या पोराचा मामा झालास. मामाशिवाय लग्न लागत नाही. सत्तावीस तारखेला ये."

बंडीला चिकटलेला एक काटा काकानं काढला, दुसरा काढला.

"आमच्या हिला पण घेऊन येऊ का?" त्यानं विचारलं.

"नको, तिला पोस्टानं पाठव. गाढवा."

"येतो," काका म्हणाला. मग नाक पुसलं. "पण राणी कव्हर झाली होती."

"नव्हती."

"दादा, सोंगटी आधी गेली."

"स्ट्रायकर पाठोपाठ गेला!"

"पाठोपाठ म्हणजे नंतर! नंतर म्हणजे नंतरच ना?"

त्या दुपारी आम्ही होडीतून नदीवर फिरलो. काठावर मगरी होत्या, हत्ती पाणी प्यायला उतरले होते, एक मासेमार गरुड डोक्यावरून ओरडत गेला. दोघांपैकी एकानंही बघितलं नाही. दोघं एकाच फळीवर गुडघ्याला गुडघा लावून बसले होते आणि आठ वर्षांचं साठलेलं भांडत होते, थेट, स्वतःच्या तोंडानं.

"आता काय म्हणतायत?" अथुमानीनं सुकाणू धरून मला विचारलं.

"मला विचारू नका," मी म्हटलं. "मी राजीनामा दिलाय."

मग मध्येच काका थांबला. पाण्यातून दोन कान आणि दोन डोळे आमच्याकडे बघत होते. त्याला बहुधा चटईची आठवण झाली.

"पण दादा," तो म्हणाला, "तुझं लक्ष बरं होतं रे तिथं. तुला आधीच कोणी सांगितलं होतं का, ती त्याची वाट म्हणून?"

मी पाण्याकडे बघत होतो. पाणी तपकिरी होतं, संथ होतं, त्यात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

"छे," बाबा म्हणाले. "दिसला."

ह्या बारा वर्षांत काकानं हा प्रश्न खूपदा विचारलाय. माझ्या लग्नात, माझ्या मुलीच्या बारशाला, दर दिवाळीत कॅरम मांडला की. उत्तर तेवढंच. दिसला.

त्या दिवशी होडीत काका पुन्हा राणीकडे वळला. बाबांनी त्याचं बोलणं न तोडता पायाशी ठेवलेला बिस्किटांचा डबा उचलला, झाकण काढलं आणि माझ्यासमोर धरला.

"घे," ते म्हणाले. "सकाळी तुझं चहात पडलं."